ईस्टरच्या टोपीवरील तुरा

सणाच्या दिवशी अंगावर नवे वस्त्र असावे ही हौस कोणत्याही एका धर्माची मिरास नव्हे. आपल्याकडे दिवाळीला आणि पाडव्याला घरातील लहानथोरांस नवे कपडे होतात. ज्याला ते परवडत नाहीत तो निदान जुने धुऊन घडी मोडतो. ख्रिस्ती जगात हा मान ईस्टरचा. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, त्या पुनरुत्थानाचा हा सण. आणि तो वसंतातच येत असल्यामुळे धर्माचा आनंद व ऋतूचा आनंद यांची गाठ आपोआप पडलेली आहे. परंतु इंग्लंडात व विशेषतः अमेरिकेत या नव्या वस्त्राचा सारा थाट हळूहळू स्त्रियांच्या टोपीत येऊन साठला. फुले, फिती, जाळी, फळे आणि एका काळी चक्क मेलेले पक्षी, इतके सर्व त्या टोपीवर चढले. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि या टोपीवरील तुऱ्यापायी दोन खंडांत कायदे करावे लागले, फ्लॉरिडाच्या दलदलीत एका रखवालदाराचा जीव गेला आणि हिंदुस्थान सरकारलाही १९०२ साली एक हुकूम काढावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्याकडे जरा निरखून पाहावेसे वाटते.

या चालीचे मूळ मात्र अगदी साधे व शुभ्र आहे. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत नव्याने धर्मात येणाऱ्यांस बाप्तिस्मा देण्याचा मुख्य मुहूर्त म्हणजे ईस्टरची आदली रात्र. पाण्यातून बाहेर आलेल्या त्या माणसास पांढरे वस्त्र देण्यात येई आणि ते तो आठवडाभर अंगावर वागवी. ईस्टरनंतरच्या रविवाराला लॅटिन भाषेत जे नाव पडले त्यात या शुभ्र वस्त्रांचीच आठवण आहे. ज्यांचा बाप्तिस्मा पूर्वीच झालेला असे तेही या दिवशी काहीतरी नवे परिधान करून आपणही पुन्हा नवे झालो असे दर्शवू लागले. तेव्हा नवे वस्त्र ही प्रथम मिरवण्याची वस्तू नव्हती. ती एक खूण होती. खुणेची मिरवणूक होण्यास मात्र फार काळ लागत नाही, हे आपल्या गणेशोत्सवाकडे पाहणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडात ही चाल पुरती रुळलेली दिसते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकातील मर्क्युशिओ आपल्या मित्राच्या भांडखोरपणाची थट्टा करताना एका शिंप्याचे उदाहरण देतो; त्या बिचाऱ्याचा अपराध इतकाच की, त्याने आपली नवी बंडी ईस्टरपूर्वीच अंगात घातली. नवे कपडे ईस्टरला काढावयाचे हा संकेत प्रेक्षकांस ठाऊक असल्यावाचून हा विनोद कळणारच नाही. सॅम्युअल पीप्स हा प्रसिद्ध रोजनिशीकार १६६२ सालच्या ईस्टरला आपला जुना काळा पोशाख नव्याने ठाकठीक करून घेतो आणि त्याची नोंद समाधानाने करून ठेवतो. खेड्यांतून तर अशीही समजूत होती की, ईस्टरला ज्याच्या अंगावर एकही नवी वस्तू नसेल त्याचे कपडे पक्षी हटकून घाण करतील. पुढे टोपीवाल्यांनी पक्ष्यांशी जो व्यवहार केला तो पाहता पक्ष्यांनी हा सूड आगाऊच उगवून ठेवला होता, असे गमतीने म्हणता येईल.

मध्यंतरी प्युरिटन पंथाचा अंमल आला. बायबलात ज्यांना आधार नाही असे सगळे सण त्यांच्या दृष्टीने थोतांड. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ व ईस्टर हे दोन्ही सण रद्द केले. राजेशाही परत येताच इंग्लंडातील बंदी उठली. पण अटलांटिकपलीकडे न्यू इंग्लंडमध्ये जाऊन वसलेल्या प्युरिटनांनी आपला हेका पिढ्यान् पिढ्या सोडला नाही. त्यामुळे अमेरिकेच्या मोठ्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ईस्टर हा मुख्यतः कॅथलिक, एपिस्कोपल, लूथरन अशा मंडळींचाच सण होता. ज्या देशात या सणाचा पुढे एवढा बोलबाला झाला त्या देशाने प्रथम त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले होते!

आता प्रश्न असा की, नव्या वस्त्रांतून नेमकी टोपीच का पुढे आली? मला याचे कारण फॅशनपेक्षा धर्माज्ञेत अधिक दिसते. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने सांगितले आहे की, प्रार्थनेच्या वेळी पुरुषाने मस्तक उघडे ठेवावे व स्त्रीने झाकावे. रोमन चर्चच्या १९१७ सालच्या धर्मसंहितेतही हा नियम स्पष्ट शब्दांत होता. १९८३ च्या नव्या संहितेतून तो गळाला. म्हणजे चर्चमध्ये जाणाऱ्या स्त्रीला टोपी ऐच्छिक नव्हतीच. शिवाय बाकावर बसल्यावर मागच्यांना पुढच्या बाईचे काय दिसते? झगा दिसत नाही, बूट दिसत नाहीत. दिसते ती टोपी. ज्या देशांत पदराने मस्तक झाकण्याची सोय आहे तेथे या प्रकरणाची गरजच पडली नसती. विनयासाठी घातलेले आच्छादनच शोभेचे मुख्य स्थान होऊन बसावे यात विसंगती आहे खरी. परंतु त्या विसंगतीचा सगळा दोष स्त्रियांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. माथ्यावर ती ठेवली कोणी, हेही पाहिले पाहिजे.

या टोपीला इंग्रजीत बॉनेट म्हणतात. आपल्या तान्ह्या मुलाच्या टोपड्याची कल्पना केली म्हणजे तिचा आकार ध्यानात येईल: मागून डोके झाकणारी, पुढे कपाळावर छज्जासारखी कड असलेली आणि हनुवटीखाली रुंद फितीने बांधलेली. हिवाळ्यात ती मखमलीची वा लोकरीच्या नमद्याची असे. वसंत लागला की गव्हाच्या काडाच्या वेण्या घालून विणलेली. उत्तम काड इटलीतील तस्कनी प्रांताचे. लेगहॉर्न बंदरातून ते बाहेर जाई म्हणून त्या टोपीलाच लेगहॉर्न नाव पडले. इंग्लंडात ल्यूटन व डन्स्टेबल ही गावे याच धंद्यावर वाढली. अमेरिकेत १७९८ साली प्रॉव्हिडन्स येथील बेट्सी मेटकाफ या मुलीने दुकानातील महागडी टोपी पाहून घरच्या घरी तशीच विणली आणि पुढे न्यू इंग्लंडच्या घराघरांतून हा उद्योग पसरला. मध्यम स्थितीतील कुटुंबात दरवर्षी नवी टोपी येत नसे. गंधकाच्या धुरीने जुने काड पुन्हा पांढरे करावयाचे, गतवर्षीची फीत काढून नवी लावावयाची, वर चार कापडी फुले टाचावयाची, की झाली ईस्टरची टोपी तयार. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ज्या घरांतून गडद व साधी वस्त्रे वापरली जात, तेथे त्या सकाळी एकदम पांढरा, जांभळा, फिका पिवळा रंग उमटावा, हा आनंद खोटा नव्हता.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ च्या पुढे, ईस्टर सर्व पंथांत झपाट्याने मान्यता पावला. चर्चे फुलांनी शृंगारण्याची प्रथा वाढली. न्यू यॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरील सेंट थॉमस चर्च यासाठी विशेष प्रसिद्ध होते. त्याच रस्त्यावर १८७९ साली सेंट पॅट्रिकचे भव्य कॅथीड्रल उघडले. शहरातील धनिकांची वस्तीही तेथेच. प्रार्थना संपली म्हणजे मंडळी एका चर्चमधून निघून दुसऱ्या चर्चमधील फुले पाहावयास चालत जात. ही पायी फेरी पाहण्यास बघे जमू लागले, बघ्यांना पाहण्यास आणखी बघे आले, आणि १८९० च्या सुमारास ‘ईस्टर परेड’ ही शहराची एक ठरलेली गोष्ट होऊन बसली. तिला कोणी आयोजक नव्हता, ना वाद्ये ना ध्वज. श्रीमंत चालत आणि गरीब पाहत. विसाव्या शतकाच्या मध्यास, १९४७ साली, या गर्दीचा अंदाज दहा लाखांवर गेला होता.

बघ्यांत एक वर्ग असा असे की ज्याचे डोळे केवळ कौतुकाने उघडे नसत. हा शिवणकाम करणाऱ्या मुलींचा वर्ग. श्रीमंतांच्या डोक्यावरील नवी टोपी डोळ्यांत साठवून त्या घरी जात आणि पुढच्या पंधरवड्यात तसलीच टोपी स्वस्तात बने. मोठमोठ्या भांडारांनी हे हेरले. फिलाडेल्फियाचे जॉन वानामेकर हे धर्मनिष्ठ गृहस्थ आणि तितकेच निष्णात व्यापारी. त्यांच्या भांडाराच्या प्रचंड दिवाणखान्याचे उद्घाटन १९११ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते झाले. तेथे ईस्टरच्या दिवसांत मुंकाची या हंगेरियन चित्रकाराची येशूच्या अखेरच्या प्रसंगांवरील दोन भव्य चित्रे लावण्यात येत. लोक क्रुसासमोर टोपी काढून उभे राहत आणि मग दुसरी टोपी विकत घेण्यास पुढच्या दालनात जात. वानामेकर यांची श्रद्धा ढोंगी होती असे मी म्हणणार नाही. त्यांना या दोहोंत विरोधच दिसत नव्हता, आणि तेच अधिक विचार करण्यासारखे आहे.

या टोप्या करणाऱ्यांचे काय? ईस्टरची तारीख चांद्र गणिताने ठरते: वसंतसंपाताच्या सुमाराच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. तो २२ मार्चइतका लवकर किंवा २५ एप्रिलइतका उशिरा येऊ शकतो. ईस्टर लवकर आला की टोप्यांचा हंगाम आखूड. उशिरा आला की लांब. हंगामात रात्ररात्र काम, आणि सण उलटला की कामावरून कमी. मेरी व्हॅन क्लीक या विदुषीने न्यू यॉर्कच्या टोपीकामगार स्त्रियांची पाहणी करून १९१७ साली जे पुस्तक लिहिले त्याच्या नावातच ‘हंगामी धंदा’ हे शब्द आहेत. तत्पूर्वी १९१३ साली तिने कृत्रिम फुले करणाऱ्या कामगारांवर लिहिले होते. ही फुले पुष्कळदा गरीब वस्तीतील इटालियन कुटुंबे घरी बसून करीत. लुइस हाइन याने त्या काळी काढलेल्या छायाचित्रांत एका मेजाभोवती आई, आजी आणि चार-पाच वर्षांपासूनची मुले कापडी पाकळ्या चिकटवीत बसलेली दिसतात. टोपीवरील व्हायोलेटच्या झुबक्याकडे पाहताना फिफ्थ अव्हेन्यूवर कोणाला ही बोटे आठवत असतील असे वाटत नाही.

परंतु या टोपीच्या इतिहासातील सर्वांत काळे प्रकरण फुलांचे नसून पिसांचे आहे. पिसांच्या टोप्या वर्षभर वापरल्या जात. तथापि वसंताची नवी टोपी प्रथम डोक्यावर चढे ती ईस्टरला, म्हणून हा बाजार त्या दिवशी सर्वांत ठळक दिसे. १८८६ साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने न्यू यॉर्कच्या बाजारपेठेत दोनदा फेरफटका मारून स्त्रियांच्या ७०० टोप्या मोजल्या. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि त्यांत त्याला चाळीस जातींचे पक्षी ओळखता आले. रानात न जाता केवळ रस्त्यावर उभे राहून पक्षिनिरीक्षण करण्याचा हा प्रसंग विलक्षणच म्हटला पाहिजे.

सर्वांत अधिक मागणी बगळ्याच्या तुऱ्याला. विणीच्या हंगामात पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर, नराच्या तशाच मादीच्याही, धाग्यांसारखी नाजूक, लांब पिसे फुटतात. ती त्या हंगामातच असतात. त्यामुळे शिकारी घरट्यांच्या वसाहतीवरच जात. पिले सोडून आईबाप उडून जात नाहीत. म्हणून मारणे सोपे. पाठीवरचे कातडे ओरबाडून घ्यावयाचे आणि धूड तेथेच टाकावयाचे. वर घरट्यांतील पिले उपाशी मरत. पुनरुत्थानाच्या सणाला मस्तकावर जो तुरा डुले, तो असा घरट्यावरच्या मरणातून आलेला असे. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत या पिसांचा भाव औंसाला ३२ डॉलर होता. त्या वेळी सोने औंसाला २१ डॉलरही नव्हते. १९०२ साली लंडनच्या लिलावांत ४८,००० औंसांवर ही पिसे विकली गेली. एका औंसाला चार पक्षी या हिशेबाने पक्षिमित्रांनी मेलेल्या बगळ्यांची संख्या १,९०,००० च्या वर काढली. उपाशी मेलेली पिले तीत धरलेली नाहीत. व्यापारी सांगत की, ही पिसे गळलेली, जमिनीवरून वेचलेली आहेत, किंवा ती कृत्रिमच आहेत. इंग्लंडच्या बाजारात तर त्यांना ‘ऑस्प्रे’ म्हणत. ऑस्प्रे म्हणजे मत्स्यगरुड. त्याचा या तुऱ्याशी काडीचाही संबंध नाही. नाव खोटे, हकिगत खोटी. खरी काय ती किंमत.

येथे आपण फार पावित्र्य मिरवू नये. शिरपेचात तुरा खोवणे हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आला नाही. दरबारी पागोट्यांवर बगळ्याच्या पिसांच्या कलग्या डुलत असत. युरोपातील लष्करी अधिकारीही हा तुरा लावीत, आणि ब्रिटिश पलटणींतून तो काढून टाकण्याचा हुकूम १८९९ साली निघाला. परंतु राजा व सरदार यांच्या संख्येला मर्यादा होती. काड, फीत आणि पिसे जेव्हा लाखो डोक्यांसाठी लागू लागली, तेव्हा हिशेबच बदलला.

त्या हिशेबात हिंदुस्थानही ओढला गेला. येथील बगळे, नीळकंठ, खंड्या, मोर यांची पिसे व कातडी गठ्ठ्यांनी लंडनला जात. १९०२ साली, लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, हिंदुस्थान सरकारने समुद्री जकातीच्या कायद्याखाली रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. शहामृगाची पिसे तेवढी मोकळी ठेवली. इंग्लंडमध्ये असा माल येऊ न देण्याचा कायदा व्हावयास पुढे १९२१ साल उजाडले. म्हणजे विकणाऱ्या देशात दार बंद झाले तरी घेणाऱ्या देशाचे दार एकोणीस वर्षे उघडेच राहिले. साहजिकच चोरटा व्यापार चालला. सिंधमध्ये तर, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, काही लोकांनी बगळे पिंजऱ्यांत पाळून त्यांची पिसे काढण्याचा धंदा उभारला. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली या बगळेपालनावर लेख आलेला आहे. पाळलेला पक्षी जगतो तरी, असे एक पक्ष म्हणे. पाळलेल्याच्या नावाखाली मारलेल्याची पिसे खपतात, असे दुसरा. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, कारण बांधलेल्या गठ्ठ्यातील पीस पाहून ते कोठून आले हे कोणत्या जकात कारकुनाला सांगता येणार होते?

हा व्यापार मोडला कोणी? टोपी घालणाऱ्यांनीच. त्या काळच्या व्यंगचित्रांतून व प्रवचनांतून स्त्रियांच्या पोकळ हौसेवर भरपूर कोरडे ओढलेले आढळतात. पण बंदूक चालविणारे, गठ्ठे बांधणारे आणि लिलाव पुकारणारे बहुतेक पुरुष होते, याचा उल्लेख त्यांत क्वचितच असतो. उलट १८८९ साली मँचेस्टरनजीक डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन या बाईंनी मैत्रिणी जमवून पिसे न वापरण्याची शपथ घेतली, आणि त्यातून जी संस्था वाढली तिला १९०४ साली राजाची सनद मिळाली. १८९६ साली बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमनवे व मिना हॉल या दोघी चुलत बहिणींनी शहरातील प्रतिष्ठितांच्या नामावलीवर बोट ठेवून एकेकीला चहाला बोलावले, त्यांच्या टोप्यांवर काय असते ते समजावून सांगितले, आणि सुमारे नऊशे स्त्रियांनी पिसे सोडली. मॅसॅच्युसेट्सची ऑडबन सोसायटी ती हीच. १९०६ साली राणी अलेक्झांड्रा यांनी आपण हे तुरे कधीही वापरत नाही असे लेखी कळविले. उपदेशकांच्या शंभर प्रवचनांनी जे झाले नसते ते अशा एका पत्राने झाले, कारण फॅशन ही वरून खाली उतरते.

कायद्यांना मात्र रक्ताची किंमत पडली. फ्लॉरिडात बगळ्यांच्या वसाहतींवर गाय ब्रॅडली नावाचा रखवालदार नेमला होता. तरुणपणी तो स्वतःच पिसांसाठी शिकार करीत असे, म्हणून शिकाऱ्यांच्या वाटा त्याला ठाऊक. ८ जुलै १९०५ रोजी शिकाऱ्यांना अटकाव करावयास गेला असता त्याला गोळी घालण्यात आली. गोळी घालणाऱ्यावर आरोप ठेवण्यास ज्यूरीने नकार दिला. परंतु या मृत्यूने लोकमत ढवळून निघाले. १९१० साली न्यू यॉर्क राज्याने पिसांच्या विक्रीस बंदी केली; १९१३ च्या जकात कायद्याने रानपक्ष्यांच्या पिसांची आयात बंद झाली; १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा झाला. न्यू यॉर्क हे टोप्यांचे माहेरघर असल्यामुळे पहिला घाव वर्मी बसला. त्यातच महायुद्ध आले, स्त्रियांनी केस आखूड केले, आणि १९२० नंतर घंटेच्या आकाराची घट्ट टोपी आली, जीवर बगळा मावलाच नसता. कायद्याचे श्रेय थोडे कमी करून ते कात्रीलाही दिले पाहिजे.

टोपीची पुढची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. मंदीच्या वर्षांत, १९३० नंतर, फाटके कपडे घातलेले बेकार फलक घेऊन फिफ्थ अव्हेन्यूवरील त्या थाटमाटाच्या गर्दीतच चालू लागले. त्याच काळात, १९३३ साली, अर्व्हिंग बर्लिन यांनी एका नाट्यप्रयोगासाठी ईस्टरच्या टोपीवर गाणे रचले. त्याची चाल त्यांनी १९१७ साली दुसऱ्याच शब्दांसाठी बांधली होती व ते गाणे पडले होते. रशियातून लहानपणी आलेल्या एका ज्यू माणसाने अमेरिकेतील ख्रिस्ती सणाचे सर्वांत लोकप्रिय गाणे लिहावे, यातच तो सण धर्मापासून किती दूर आला होता ते दिसते. १९४८ साली त्या गाण्याच्या नावाचा बोलपटही निघाला.

जेथे टोपी धर्माला धरून राहिली ती जागा निराळी आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या नीग्रो, म्हणजे आज ज्यांना आफ्रिकी-अमेरिकी म्हणतात त्या समाजात आठवडाभर परक्याच्या घरी डोक्याला फडके बांधून राबणारी स्त्री रविवारी चर्चमध्ये उत्तम टोपी घालून जाई. ईस्टरला तर निश्चितच. तिच्या टोपीत मिरवणूक कमी आणि मान अधिक होता. फिलाडेल्फियात मे रीव्ह्ज या बाईंनी १९४० च्या सुमारास पाचशे डॉलर कर्ज काढून टोप्यांचे दुकान उघडले आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. २०१६ साली वॉशिंग्टनमध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले तेव्हा त्यात या दुकानाचा काही भाग पुन्हा उभारून मांडण्यात आला. त्याच वर्षी मे रीव्ह्ज १०४ वर्षांच्या होऊन वारल्या.

१९६० नंतर टोप्यांची चालच मावळली. इंग्लंडातील शाळांत लहान मुले ईस्टरला पुठ्ठ्याच्या व कागदी फुलांच्या टोप्या करून स्पर्धा लावतात. फिफ्थ अव्हेन्यू त्या रविवारी आजही वाहनांना बंद असतो. मात्र आता चालणारे श्रीमंत आणि पाहणारे गरीब असा भेद राहिलेला नाही. ज्याला वाटेल तो, पुरुषसुद्धा, घरी केलेली हातभर उंच टोपी घालून येतो. एखादीवर शहरातील इमारती असतात, एखादीवर अख्खी बाग. काहींवर गवताचे घरटे असते, त्यात रंगवलेली अंडी आणि काठावर एक पक्षी. तो कागदाचा असतो.